भक्ष्य, भक्षक आणि संगणक

१. मासळीबाजारातील एक कोडे

पहिल्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९१४ ते १९१८ या वर्षांत, ॲड्रिॲटिक समुद्रातील मासेमारी फार कमी झाली. समुद्र हेच युद्धक्षेत्र बनल्यामुळे कोळ्यांना होड्या बाहेर काढणे अवघड झाले होते. युद्ध संपल्यानंतर इटलीतील प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो द'आंकोना यांनी त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस या बंदरांतील मासळीबाजारांच्या नोंदी तपासल्या. त्यांत त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळून आली. फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रियेका) येथील बाजारात आलेल्या मासळीत मुशी, पाकट यांसारख्या, इतर माशांवर उपजीविका करणाऱ्या जातींचे प्रमाण १९१४ मध्ये शेकडा ११.९ होते. ते १९१८ मध्ये शेकडा ३६.४ वर गेले. आणि मासेमारी पूर्ववत सुरू झाल्यावर १९२३ मध्ये पुन्हा शेकडा १०.७ पर्यंत उतरले.

मासेमारी थांबली म्हणजे सर्वच मासे वाढावेत, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या विसाव्याचा लाभ प्रामुख्याने भक्षक माशांनाच का व्हावा? द'आंकोना यांनी हा प्रश्न थोर गणिती व्हीतो व्होल्तेर्रा यांच्यापुढे मांडला. व्होल्तेर्रा यांनी भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्यांचा संबंध दोन समीकरणांत बांधून १९२६ मध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. अमेरिकेतील आल्फ्रेड लोट्का यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात स्वतंत्रपणे तीच समीकरणे दिली होती. म्हणून आज ती लोट्का-व्होल्तेर्रा समीकरणे या नावाने ओळखली जातात.

व्होल्तेर्रा यांना ही उकल उच्च गणिताच्या साहाय्याने करावी लागली. आज बेरीज, वजाबाकी व गुणाकार जाणणारा शाळकरी विद्यार्थीही संगणकाच्या मदतीने तेथपर्यंत पोहोचू शकतो. तो मार्ग कोणता, त्यावर कोठे पाय घसरतो, आणि अखेरीस हाती येते ते ज्ञान शेतकऱ्याच्या काय उपयोगाचे, याचा विचार या पाठात केला आहे.

२. प्रतिमान म्हणजे काय

वनस्पती, प्राणी आणि त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास परिस्थितिविज्ञान म्हणतात. या शास्त्राची एक मोठी अडचण अशी की, त्यातील पुष्कळसे प्रयोग प्रत्यक्षात करता येत नाहीत. मुशी वाढतात की नाही हे पाहण्यासाठी समुद्रातील मासेमारी मुद्दाम बंद करता येत नाही. आणि फवारणी चुकली तर काय होईल हे पाहण्यासाठी कोणी शेतकरी आपले उभे पीक पणाला लावणार नाही. अशा वेळी प्रतिमानाचा आश्रय घ्यावा लागतो.

प्रतिमान म्हणजे निसर्गाचे चित्र नव्हे. निसर्गाबद्दल काही मोजकी विधाने खरी मानून त्यांपासून काय निष्पन्न होते, हे पाहण्याचे ते साधन होय. नकाशात जसा प्रत्येक वृक्ष दाखवलेला नसतो, तसेच प्रतिमानातही सर्व काही नसते. किंबहुना काय घ्यावे आणि काय सोडावे, या निवडीवरच त्याची योग्यता ठरते. जी विधाने खरी मानून सुरुवात करावयाची, त्यांना गृहीते म्हणतात.

गृहीते कागदावर शब्दांत लिहिली असता त्यांतील संदिग्धता सहज लपून राहते. ‘भक्षक पुष्कळ असले की भक्ष्य कमी होते’ हे वाक्य ऐकावयास ठीक वाटते. पण पुष्कळ म्हणजे किती, आणि कमी म्हणजे दररोज कितीने, याचे उत्तर त्यात नाही. संगणकास असे वाक्य चालत नाही. त्याला द्यावयाच्या सूचनांचा क्रमवार संच, म्हणजे आज्ञावली, लिहिताना प्रत्येक गृहीताला आकडा द्यावाच लागतो. आज्ञावली लिहिण्याचा पहिला लाभ हाच की, लिहिणाऱ्यास आपण काय गृहीत धरीत आहोत ते स्वतःशी कबूल करावे लागते.

३. एकाच जातीची वाढ

प्रारंभी एकच जात घ्यावी. एका शेतात १०० कीटक आहेत व त्यांची संख्या दररोज शेकडा १० ने वाढते असे मानू. आज्ञावलीत पुढील तीन गोष्टी येतात : एक, कीटकांच्या संख्येस एक नाव देणे, दोन, त्या संख्येला १.१ ने गुणणे. आणि तीन, हीच कृती ठराविक वेळा पुन्हा पुन्हा करणे. पन्नासाव्या दिवशी संगणक ११,७३९ ही संख्या दाखवील आणि शंभराव्या दिवशी सुमारे १३,७८,०६१. अशी वाढ कोणत्याही शेतात अखेरपर्यंत टिकत नाही, हे उघड आहे. म्हणजे गणित चुकलेले नाही. गृहीत अपुरे आहे. अन्न व जागा संपत आल्यावर वाढ मंदावते, ही गोष्ट त्यात घेतलेलीच नव्हती.

बेल्जियमचे गणिती प्येर-फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये ही उणीव भरून काढली. शेतात जास्तीत जास्त १००० कीटकांचे पोषण होऊ शकते असे मानल्यास, वाढीला ‘रिकाम्या राहिलेल्या जागेच्या अंशा’ने गुणावयाचे. १०० कीटक असताना नऊ दशांश जागा रिकामी असते. म्हणून वाढ १० ऐवजी ९ होते. ९०० कीटक झाले म्हणजे फक्त एक दशांश जागा उरते आणि वाढ ९० ऐवजी ९ वर येते. अशा रीतीने संख्या हळूहळू १००० वर स्थिरावते.

येथे एक मौज अनुभवास येते. वर्षातून एकच पिढी होणारा व झपाट्याने वाढणारा कीटक घेऊन दर पिढीचा वाढीचा दर ०.१ ऐवजी २.३ केला, तर संख्या १००० वर स्थिरावत नाही. ती एका वर्षी सुमारे ६८८ व दुसऱ्या वर्षी सुमारे ११८२ अशी आळीपाळीने होत राहते. दर २.८ केला तर कोणताच क्रम पुन्हा येत नाही. आणि १०० ऐवजी १०१ कीटकांनी सुरुवात केली, तर काही पिढ्यांनंतर दोन्ही हिशेबांत साम्य उरत नाही. इतक्या साध्या नियमातून इतके गुंतागुंतीचे वर्तन उद्भवते, हे रॉबर्ट मे यांनी १९७४ व १९७६ च्या लेखांत दाखवून दिले. असली समीकरणे विद्यार्थ्यांना लवकर शिकवावीत, साध्या गणकावर किंवा हातानेही ती सोडवून पाहता येतात, असे त्यांनी आग्रहाने सुचविले होते. सूत्राकडे नुसते पाहून हे वर्तन कळत नाही; ते चालवून पाहावे लागते.

४. दोन जातींचे गणित

आता शेतात कीटकांबरोबर त्यांना खाणारे भुंगेरेही आहेत असे मानू. कीटकांच्या संख्येस ‘क’ आणि भक्षकांच्या संख्येस ‘भ’ म्हणू. लोट्का आणि व्होल्तेर्रा यांची गृहीते चार आहेत :

पहिले : भक्षक नसतील तर कीटक ठराविक दराने वाढतात. (येथे दररोज शेकडा १०.)

दुसरे : भक्षकाची व कीटकाची गाठ जितक्या वेळा पडते, त्या प्रमाणात कीटक मरतात. (एक भक्षक दररोज उपलब्ध कीटकांपैकी हजारी २ खातो.)

तिसरे : मिळालेल्या भक्ष्याच्या प्रमाणात भक्षकांची पैदास होते. (क आणि भ यांच्या गुणाकाराला ०.००००५ ने गुणावे.)

चौथे : भक्ष्य न मिळाल्यास भक्षक ठराविक दराने मरतात. (दररोज शेकडा ५.)

हे आकडे कोणत्याही विशिष्ट शेतातील नाहीत; हिशेब समजावा म्हणून ते सोयीचे घेतले आहेत. यांवरून लिहिलेली आज्ञावली अशी होईल :

क = १२००
भ = ४०
पुढील सर्व कृती ३०० वेळा करा :
— जन्म = ०.१ × क
— भक्षण = ०.००२ × क × भ
— पैदास = ०.००००५ × क × भ
— मृत्यू = ०.०५ × भ
— क = क + जन्म − भक्षण
— भ = भ + पैदास − मृत्यू
— क आणि भ छापा

‘क = क + जन्म − भक्षण’ ही ओळ बीजगणिताच्या दृष्टीने विचित्र वाटेल. आज्ञावलीत मात्र बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ निराळा असतो : उजवीकडील हिशेब करून येणारा आकडा डावीकडील नावाच्या खणात ठेवावा, असा तो आदेश आहे. जुना आकडा पुसला जातो आणि त्या जागी नवा येतो.

संगणकावर बसण्यापूर्वी पहिल्या दोन दिवसांचा हिशेब हाताने करून पाहावा. पहिल्या दिवशी जन्म १२०, भक्षण ९६. म्हणून कीटक १२२४. पैदास २.४, मृत्यू २. म्हणून भक्षक ४०.४. दुसऱ्या दिवशी कीटक सुमारे १२४७.५ व भक्षक सुमारे ४०.८५ होतात. (०.८५ भुंगेरा असू शकत नाही हे खरे; येथे संख्या म्हणजे शेताच्या ठराविक भागातील सरासरी समजावी.) संगणकाने छापलेले पहिले आकडे याच्याशी जुळले, तरच पुढील आकड्यांवर विश्वास ठेवावा.

हे आकडे आलेखावर मांडले म्हणजे दोन लाटा दिसतात. कीटक वाढले की काही काळाने भक्षक वाढतात. भक्षक वाढले की कीटक घटतात. भक्ष्य घटल्यामुळे भक्षक मरू लागतात. आणि भक्षक कमी झाले की कीटकांना पुन्हा डोके वर काढण्यास अवसर मिळतो. एका लाटेस सुमारे ९० दिवस लागतात. कीटक १००० आणि भक्षक ५० असतील, तर मात्र जन्म व भक्षण दोन्ही १००, पैदास व मृत्यू दोन्ही २.५ होतात आणि काहीच बदलत नाही. हा या प्रतिमानाचा समतोलबिंदू होय. लाटा कितीही उंच असल्या, तरी एका संपूर्ण चक्रातील सरासरी याच बिंदूइतकी येते, हे व्होल्तेर्रा यांनी सिद्ध केले.

५. दोष निसर्गाचा की हिशेबाचा

वरील आज्ञावली दीर्घकाळ चालवणाऱ्या विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट दिसेल. समतोलाच्या जवळून सुरुवात केली, तर प्रत्येक चक्रात लाटांची उंची सुमारे शेकडा २५ ने वाढत जाते. हे पाहून ‘भक्ष्य-भक्षकांची व्यवस्था स्वभावतःच अस्थिर असून तिचा अखेरीस नाश होतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. लोट्का-व्होल्तेर्रा समीकरणांत लाटांची उंची वाढतही नाही आणि घटतही नाही.

मग वाढ आली कोठून? समीकरणे क्षणोक्षणी होणाऱ्या बदलांविषयी बोलतात; आज्ञावली मात्र दिवसातून एकदाच हिशेब करते. सकाळचे आकडे सबंध दिवसभर तसेच राहिले असे ती समजते, आणि ही लहानशी चूक रोज साचत जाते. दिवसाचे दहा भाग करून प्रत्येक भागास सर्व दर एक दशांश घेतले, तर तीच वाढ चक्रामागे शेकडा २ च्या आसपास उतरते. पायरी लहान केल्याने जो परिणाम नाहीसा होत जातो, तो निसर्गाचा नसून हिशेबाचा असतो. ही कसोटी प्रत्येक विद्यार्थ्याने लावून पाहावी.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एखाद्याने अनवधानाने ‘पैदास’ची ओळ ‘क’ बदलल्यानंतर लिहिली, म्हणजे पैदासीसाठी कीटकांचा जुना आकडा न घेता नवा घेतला, तर लाटांची ही वाढ जवळजवळ नाहीशी होते! येथे वरवर चुकीचा दिसणारा क्रमच मूळ समीकरणांच्या अधिक जवळ जातो. याचे कारण उच्च गणितात आहे. परंतु त्यातून मिळणारा धडा सर्वांसाठी आहे. आज्ञावलीतील एका ओळीची जागा बदलल्याने शेताचे भवितव्य बदललेले दिसू शकते, शेतात मात्र काहीच बदललेले नसते. म्हणून पडद्यावरील आलेख सुबक आहे, एवढ्यावरून तो खरा मानू नये.

६. संगणकावरील फवारणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मासेमारी मोठे मासे व लहान मासे दोघांनाही पकडते. तसेच सरसकट मारणारे कीटकनाशक पिकावरील कीटक आणि त्यांचे भक्षक या दोघांनाही मारते. फवारणीने दोघांपैकी दररोज शेकडा २ मरतात असे मानू. आज्ञावलीत फक्त शेवटच्या दोन हिशेबांत बदल होतो : ‘क’ मधून ०.०२ × क आणि ‘भ’ मधून ०.०२ × भ आणखी वजा करावयाचे.

सुरुवात समतोलापासून, म्हणजे १००० कीटक व ५० भक्षक यांपासून करावी. पहिल्या दिवशी कीटक ९८० होतात, दुसऱ्या दिवशी ९६२ आणि दहाव्या दिवशी सुमारे ८९९. येथवर फवारणी करणाऱ्याला समाधान वाटेल. पण त्याच दहा दिवसांत भक्षक ५० वरून ४० च्या खाली आलेले असतात. दहाव्या दिवसानंतर फवारणी चालू असूनही कीटक वाढू लागतात. आणि पुढील दीड-दोन महिन्यांत ते २००० च्या वर जातात. नवा समतोलबिंदू काढला तर त्याचे कारण कळते : कीटक १४००, भक्षक ४०. म्हणजे दोघांना सारखेच मारणाऱ्या औषधाने कीटकांची सरासरी शेकडा ४० ने वाढवली आणि भक्षकांची शेकडा २० ने कमी केली.

असे का व्हावे? कीटकांची संख्या किती राहील, हे या प्रतिमानात भक्षकांच्या गरजेवरून ठरते. फवारणीमुळे भक्षकांचा मृत्युदर शेकडा ५ वरून ७ वर गेला. आता त्यांना नुसते टिकून राहण्यासाठीच अधिक भक्ष्य लागते. उलट कीटकांची निव्वळ वाढ शेकडा १० वरून ८ वर आल्याने त्यांना आवर घालण्यास कमी भक्षक पुरतात. दोन्ही परिणाम एकाच दिशेने, म्हणजे भक्षकांच्या विरुद्ध, काम करतात.

हेच गणित उलटे वाचले की मासळीबाजारातील कोडे सुटते. मासेमारी ही समुद्रावरील फवारणीच होती. युद्धामुळे ती थांबली, तेव्हा भक्षकांचे सरासरी प्रमाण वाढले आणि भक्ष्य माशांचे घटले. सरसकट मारण्याने भक्ष्याची सरासरी वाढते, या निष्कर्षाला आज व्होल्तेर्रा तत्त्व म्हणतात.

दहा दिवसांनंतर निरीक्षण थांबवणारा मनुष्य फवारणी यशस्वी झाली असे म्हणेल, आणि त्याच्या वहीतील आकडे खरेच असतील. दोन महिने पाहणारा मनुष्य नेमके उलट सांगेल. संगणकावर या दोन मतांतील अंतर काही क्षणांत दिसते. शेतात ते दिसेपर्यंत पीक हातचे गेलेले असते.

७. शेतातील पुरावा

प्रतिमानातून निघालेला निष्कर्ष कितीही आकर्षक असला, तरी त्याचा निर्णय शेतातच व्हावयाचा असतो. ऑस्ट्रेलियातील एक खवले कीटक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात पोहोचला आणि त्याने तेथील संत्री-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करण्यास सुरुवात केली. आल्बर्ट कबेले यांनी १८८८–८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून त्याचा नैसर्गिक शत्रू, व्हेडेलिया नावाचा चित्रांग भुंगेरा, पाठवला. प्रथम पाठवलेल्या अवघ्या १२९ भुंगेऱ्यांच्या संततीने थोड्याच काळात त्या कीटकास आटोक्यात आणले. पुढे तोच कीटक निलगिरीच्या प्रदेशात आला, तेव्हा १९३० च्या सुमारास तेथेही हेच भुंगेरे सोडण्यात आले. कॅलिफोर्नियात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर बागांवर डीडीटी फवारले जाऊ लागले, त्यात भुंगेरे मेले आणि अर्धशतक दबून राहिलेला खवले कीटक पुन्हा उसळला.

भारतातील भातशेतीच्या दृष्टीने तपकिरी तुडतुड्यांचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. या कीटकाने १९७३–७४ मध्ये केरळातील भातपिकाची मोठी हानी केली. इंडोनेशियात तर वारंवार फवारणी करूनही त्याचे लोट येत राहिले. कोळी, ढेकूण इत्यादी भक्षक भातशेतात तुडतुड्यांना आवर घालतात आणि सरसकट मारणारी औषधे त्यांनाच नष्ट करतात, हे शेतांतील निरीक्षणांवरून स्पष्ट झाले. त्यानंतर इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ मध्ये भातपिकावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली आणि १९८९ पर्यंत कीटकनाशकांवरील अनुदानही बंद केले.

या घटनांचे सर्व श्रेय लोट्का-व्होल्तेर्रा समीकरणांना देणे योग्य होणार नाही. फवारणीनंतर कीटक उसळण्यास इतरही कारणे असतात. काही कीटकांत औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते; काही औषधे कीटकांपेक्षा भक्षकांनाच अधिक घातक ठरतात. प्रतिमानाने एवढेच दाखवले की, औषध दोघांना अगदी सारखे लागू पडत असले तरीही हानी भक्षकांचीच अधिक होते. इतर कारणे त्यात आणखी भर घालतात.

८. प्रतिमानाच्या मर्यादा

मॉस्को येथील जीवशास्त्रज्ञ गेओर्गी गौझे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काचेच्या नळीत पॅरामीशियम हा सूक्ष्म जीव आणि त्याला खाणारा डिडिनियम यांना एकत्र ठेवले. समीकरणांप्रमाणे लाटा दिसावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात डिडिनियमने सर्व भक्ष्य फस्त केले आणि मग तोही उपासमारीने मेला. भक्ष्याला लपण्यास जागा ठेवली, तेव्हा निराळाच परिणाम झाला.

कॅलिफोर्नियातील कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये संत्र्यांवर राहणाऱ्या कोळीवर्गीय सूक्ष्म किडी आणि त्यांना खाणारे त्याच वर्गातील भक्षक घेऊन प्रयोग केले. संत्री जवळजवळ ठेवली, तेव्हा दोन्ही जाती लवकरच नष्ट झाल्या. २५२ संत्र्यांची मांडणी करून मध्ये व्हॅसलिनचे अडथळे घातले आणि भक्ष्याला एका संत्र्यावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय ठेवली, तेव्हा मात्र लाटांची तीन चक्रे पाहावयास मिळाली. म्हणजे जागेची रचना हीदेखील जीवनमरणाची बाब ठरते. आणि लोट्का-व्होल्तेर्रा प्रतिमानात जागेचा उल्लेखच नाही.

त्यातील आणखी एक गृहीत दुबळे आहे. कीटक दुप्पट झाले की भक्षक दुप्पट खातो, असे ते मानते. जणू त्याचे पोट कधी भरतच नाही. कॅनडातील सी. एस. होलिंग यांनी १९५९ मध्ये हा मुद्दा एका साध्या प्रयोगाने तपासला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली व्यक्ती टेबलावर विखुरलेल्या खरकागदाच्या चकत्या बोटाने चाचपून शोधते व एकेक उचलून बाजूला ठेवते. चकत्या थोड्या असताना त्या वाढवल्या की सापडणाऱ्या चकत्याही वाढतात. परंतु पुढे उचलून ठेवण्यातच वेळ जात असल्याने वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. त्यात मिळालेले आकडे ‘भक्षण’ आणि ‘पैदास’ या ओळींत घातले, म्हणजे वर्गाने स्वतःच मोजलेले गृहीत आज्ञावलीत येते.

९. समारोप

जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात बेसिक ही संगणकभाषा तयार केली, ती गणिताचे खास शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. आज पायथनसारखी भाषा विनामूल्य मिळते आणि भारतातील अनेक शाळांत शिकवलीही जाते. वर दिलेली आज्ञावली तीत दहा-बारा ओळींत बसते. संगणक नसेल तर साधा गणक व चौकटीची वही यांवरही पहिले वीस दिवस काढता येतात.

तयार आज्ञावली चालवून आलेख पाहणे आणि ती स्वतः लिहिणे, यांत मोठे अंतर आहे. जो नुसता पाहतो त्याला उत्तर मिळते. जो लिहितो त्याला ते उत्तर कोणत्या गृहीतावर उभे आहे हेही कळते. उद्या एखाद्या पिकावर, जंगलावर किंवा नदीवर घ्यावयाचा निर्णय ‘संगणक असे सांगतो’ या आधारावर पुढे येईल, तेव्हा असा मनुष्य तीन प्रश्न विचारू शकेल : यात काय गृहीत धरले आहे? पायरी लहान केली तर उत्तर टिकते काय? आणि हे किती दिवसांपर्यंत पाहिले आहे? हे प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हेच या अभ्यासाचे खरे फळ होय.

अभ्यास

१. फवारणी नसताना कीटक १००० व भक्षक ५० घेऊन आज्ञावली चालवा. कोणताच बदल का होत नाही, ते चारही हिशेब लिहून दाखवा.

२. फक्त कीटकांनाच मारणारे व भक्षकांना अपाय न करणारे औषध दररोज शेकडा २ कीटक मारते असे माना. नवा समतोल काढा. (कीटकांची सरासरी १००० च राहते व भक्षक ४० होतात असे आढळेल.) हे उत्तर प्रत्यक्षात पटण्यासारखे आहे काय? हे भक्षक केवळ याच कीटकावर जगतात, या गृहीताचा त्याच्याशी काय संबंध आहे?

३. दिवसाचे दोन, पाच व दहा भाग करून तीच आज्ञावली चालवा. प्रत्येक वेळी पहिल्या व तिसऱ्या लाटेच्या शिखरांची उंची नोंदवा व त्यांतील फरकाची तुलना करा.

४. व्हेरहुल्स्ट यांची मर्यादा (रिकाम्या जागेचा अंश) कीटकांच्या ‘जन्म’ या ओळीत घाला. शेताची धारणक्षमता ५००० कीटक माना. लाटांचे पुढे काय होते?

५. होलिंग यांचा चकत्यांचा प्रयोग वर्गात करा. १०, २०, ४० व ८० चकत्या असताना एका मिनिटात किती सापडतात, याचा आलेख काढा.